पायावर पहिल्या नंबरचा माल

डॉक्टरांनी माझ्या मांडीभोवती शिंप्याची फीत गुंडाळली. आधी डाव्या, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. फीत सोडली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जाधव, ये क्या करके आये हो?"

"जो बताया था वही किया, साहेब."

"रोज?"

"रोज. दोनों टाइम."

"तो फिर जाँघ सूखती क्यों जा रही है? और घुटने में ये पानी कहाँ से आया?"

उजवा गुडघा कवठासारखा गोल झाला होता. डॉक्टर वाटीवर बोट दाबायचे, वाटी आत जायची आणि परत वर यायची, पाण्यावर झाकण तरंगावं तशी. माझाच गुडघा होता, पण बघवत नव्हतं.

"मॅनेजर साहब रिपोर्ट माँग रहे हैं. महीने के आखिर तक. बोलो, क्या लिखूँ?"

"फिट लिखिए, साहेब."

डॉक्टर हसले नाहीत.

मी तेव्हा बालाघाट जिल्ह्यातल्या एका मॅंगनीजच्या खाणीत मेट होतो. साठचं दशक संपत आलं होतं. मूळचा मी सातारा जिल्ह्यातला, कराडच्या पुढचा. सातवीत शाळा सुटली. मामा या खाणीत ड्रिल मशीनवर होते, त्यांच्यामागे आलो. पुढे मामा गावी परत गेले, मी राहिलो. आधी टोपल्या उचलल्या, मग लाकडाच्या टेकूंच्या कामावर गेलो, मग परीक्षा देऊन मेटचं सर्टिफिकेट काढलं. दाखवायला माझ्याकडे ही एकच गोष्ट होती.

मेट म्हणजे खाली एका टोळीचा जबाबदार माणूस. पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरायचं, मग लोखंडी शिडीने स्टोपमध्ये चढायचं. स्टोप म्हणजे माल काढून काढून झालेली पोकळी. टोळी आत येण्याआधी मेटने एकट्याने आत जायचं आणि सब्बलीने, म्हणजे पहारीने, छत ठोकायचं. टणटण वाजलं तर छत धडधाकट. ढब्ब वाजलं तर वरचा दगड सुटलाय. तो पाडायचा, नाहीतर खाली टेकू द्यायचा. मग टोळीला हाक मारायची. काही स्टोप इतके बुटके असतात की उभं राहता येत नाही. उकिडवं बसूनच सगळं करायचं.

असाच उकिडवा बसून ठोकत होतो. कडेचा एक दगड सुटला. तो चुकवायला न उठता तसाच वळलो. पाऊल जागेवर राहिलं, अंग फिरलं. गुडघ्यात कट्ट झालं आणि पाय अर्धा वाकलेला तसाच अडकला. सरळही होईना, मिटेनाही. टोळीने मला शिडीवरून खाली कसं उतरवलं ते मला नीट आठवत नाही. आठवायची इच्छाही नाही.

नागपूरला मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे गादीसारख्या दोन चकत्या असतात. मशीनला वॉशर असतो तसं समजा. माझी आतल्या बाजूची चकती फाटली होती आणि तिचा तुकडा बिजागरीत अडकला होता. आता म्हणे हे दुर्बिणीने करतात. तेव्हा गुडघा उघडून ती चकतीच काढून टाकायचे. माझीही काढली.

तिथे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. मोठ्या कडक. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

"जाधव, तुमचा गुडघा आता वॉशरशिवाय चालणार. त्याला सांभाळणार मांडीचा स्नायू. आणि ऑपरेशन झालं की तो स्नायू सगळ्यात आधी झोपतो. त्याला उठवायचं काम तुमचं. डॉक्टरांचं नाही, माझं तर नाहीच."

आधी नुसती मांडी आवळायची. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. मग घोट्यावर वाळूची थैली ठेवून उचलायचा. थैली दोन कप्प्यांची होती, बैलाच्या पाठीवर टाकतात तशी. नागपूरला मी ती बऱ्यापैकी उचलू लागलो होतो. निघताना बाईंनी मला एक रिकामी थैली दिली. कापडावर शाईची रेघ होती.

"इथपर्यंत वाळू भरायची. वाळू इथून नेऊ नका, तुमच्याकडे नदी आहे ना? आणि ऐका. थोडं दुखेल, त्याला घाबरायचं नाही. पण फार दुखलं किंवा सूज आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं."

मी "हो बाई" म्हणालो. पहिलं अर्धं वाक्य पाठ केलं. दुसरं अर्धं गोंदियाला गाडी बदलेपर्यंतच विसरलो असेन.

छोट्या लाइनच्या गाडीने बालाघाट, तिथून बस. काठी टेकत कामगारांच्या लाइनीत पोचलो तर माझी खोली झाडून ठेवलेली, माठ भरलेला. हे कौसाबाईचं काम. कौसाबाई माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. माल निवडणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. खालून आलेला दगड या बायका हातोडीने फोडायच्या आणि माती-मुरूम बाजूला काढून शुद्ध काळा माल वेगळा करायच्या. ती लांजीकडच्या गावातली. माझ्या मोठ्या बहिणीपेक्षा मोठी, आईपेक्षा लहान. मला 'भाऊ' म्हणायची आणि शिव्याही द्यायची.

मी एकटा माणूस. गावी ऑपरेशनचं कळवलंच नव्हतं. आई घाबरली असती आणि इतक्या लांब येणार तरी कोण? ती सगळी उणीव लाइनीने भरून काढली. एका घरून भाजी, एका घरून भात, कुणी शेकायला गरम पाणी द्यायचं. मी नको म्हणायचो, तर ताट ठेवून माणसं निघून जायची. मला फार संकोच व्हायचा.

कौसाबाईने थैली पाहिली.

"हे काय आनलं रे भाऊ? झोळी?"

"यात वाळू भरायची, पायावर ठेवायची आणि पाय उचलायचा."

"कायले?"

"मांडीत जोर यायला."

तिने थैली उलटीसुलटी करून पाहिली. "अन् रेतीसाठी नदीवर कोन जाईन आता? आन थे इकडं. खानीच्या मानसाच्या पायावर नदीची रेती! लोक हासतीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थैली भरून आली. तोंड दाभणाने पक्कं शिवलेलं. भरलेली अगदी रेघेपर्यंत.

"पहिल्या नंबरचा माल हाय. हरभऱ्याएवढा फोडला, धुतला. मातीचा कन सापडला तं मले सांग. बायाईनं जेवनाच्या सुट्टीत बसून निवडला तुह्यासाठी. टाइमकीपरले इचारून आनला बरं, चोरून नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी लपवत नाही. त्या बायकांना दिवसभरात तेवढीच एक सुट्टी असायची.

आता वाचणारा म्हणेल, मेट होतास, तुला कळलं नाही? खरं आहे. मॅंगनीजचा दगड दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड असतो. खाणीवर नवा माणूस आला की पहिला दगड उचलताना त्याचा हात खाली जातो आणि तो हसतो. पण आम्हाला ते हसू विसरून वर्षं झाली होती. आमच्याकडे टोपली म्हणजे मालाचीच टोपली. तिचं वजन तेच वजन. थैली रेघेपर्यंत भरायला सांगितली होती, ती रेघेपर्यंत भरली होती. आत काय आहे हे मलाही ठाऊक होतं, लाइनीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरी सगळे तिला रेतीची थैलीच म्हणायचे. डॉक्टर विचारायचे, "रेत की थैली उठाते हो?" मी म्हणायचो, "हौ साहेब." 'हौ' म्हणायची सवय मला इथलीच लागली होती.

सुरुंगाच्या बारुदीच्या दोन रिकाम्या लाकडी पेट्या ओट्यावर एकावर एक ठेवून मी त्यांच्यावर बसायचो. पाय खाली सोडायचा, घोट्यावर थैली टाकायची आणि पाय सरळ करायचा. पहिल्याच दिवशी पाय अर्ध्यावर थरथरला आणि खाली आला. मी घाबरलो. नागपूरला तर जमत होतं. मनात म्हटलं, प्रवासात पाय गेला. खाटेवर पडून पडून ताकद गेली. थैली जड आहे हा विचार मनात आलाच नाही. पाय दुबळा आहे हाच आला. मला वाटतं, माझ्यासारख्या माणसाला तोच आधी येतो.

संध्याकाळी लाइनीतली माणसं खाटा टाकून समोर बसायची. तमाशाच झाला होता माझा.

"ए भाऊ, पाय उचलून राह्यला का सिग्नल पाडून राह्यला?" कुणीतरी म्हणायचं.

"चूप बस बे!" कौसाबाई ओरडायची. "उचल भाऊ तू. थोडा अजून. हां! गेला पाय, गेला!"

मी दात आवळून उचलायचो. सगळे 'वा वा' म्हणायचे. गुडघ्याच्या आत कुणी पेटती काडी धरल्यासारखं व्हायचं.

"दुखत तं नाही ना रे?"

"नाही, नाही. बरं आहे."

काय सांगणार? जिने माल धुऊन आणला तिलाच सांगायचं का दुखतंय म्हणून? ज्यांच्या घरची भाजी खातोय त्यांना? आणि बाईंनी म्हटलंच होतं, थोडं दुखेल. माझ्या हिशेबात ते थोडंच होतं. दुखणं रोज वाढत गेलं, तसं माझं 'थोडं'सुद्धा वाढत गेलं.

माझ्या जागी उइके काम बघत होता. जंगलातल्या गावचा गोंड माणूस, बिरसाकडचा. सर्टिफिकेट नुकतंच काढलेलं. शिफ्ट संपली की काळ्या तोंडानेच माझ्याकडे यायचा आणि ओट्यावर धप्पकन बसायचा.

"जाधवभाई, जल्दी आओ. मेरे से नहीं होता."

"का रे? छत तर चांगलं ठोकतोस."

"ठोकता तो हूँ. पर ठोकने के बाद आदमी लोग को अंदर बुलाना पड़ता है ना. उसमें जान जाती है. तुम आओ, मैं वापस टेकू लगाऊँगा. लकड़ी का काम अच्छा, लकड़ी से कोई पूछताछ नहीं करता."

मी म्हणायचो, येतो, येतो. पण जिन्याच्या एका पायरीवरही पाय विश्वासाने टाकता येत नव्हता. चालताना गुडघा मधेच सोडून द्यायचा. व्यायाम करूनही मांडी बारीक होत होती. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की गुडघ्यात पाणी भरलं की मांडीचा स्नायू कामच थांबवतो. म्हणजे मी जितका जोर करत होतो, तितका तो झोपत होता.

फितीने मापण्याचा जो प्रसंग वर लिहिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते.

"बैठो. खड़े क्यों हो, पैर है ना खराब? सुनो, टूलरूम में जगह है. औजार देना, औजार लेना. छाँव में बैठने का काम. क्या बुरा है?"

"बुरा नहीं है साहेब. पर मैं मेट हूँ."

"मेट को सीढ़ी चढ़नी पड़ती है. तुम मेरे ऑफिस की दो सीढ़ी दीवार पकड़कर चढ़े हो. मैंने खिड़की से देखा."

"ठीक हो जाएगा, साहेब."

"कब? डॉक्टर को भी नहीं मालूम. उइके को पक्का कर देता हूँ, तुम टूलरूम ले लो. महीने के आखिर में रिपोर्ट देखूँगा, फिर ऑर्डर निकालूँगा."

टूलरूममध्ये गेलेला मेट परत खाली गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिथे पाने आणि घण मोजत एक म्हातारा बसायचा. तोही कधीकाळी मेट होता, आणि हे तो रोज कुणाला तरी सांगायचा. मी 'मेहरबानी साहेब' म्हणून बाहेर पडलो. खरंच मेहरबानी होती. पगारी जागा होती.

तरी तडक डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, साहेब, काय चुकतंय ते तरी सांगा.

डॉक्टर वैतागले होते. ऑपरेशन त्यांनी केलेलं नव्हतं, पण पेशंट त्यांच्या दारात होता. "ऐसा करो, कल थैली लेकर आओ. मेरे सामने करके दिखाओ. देखूँ तो सही, उठाते कैसे हो."

दुसऱ्या दिवशी मी थैली खांद्यावर टाकायला गेलो तर कौसाबाईने हिसकावून घेतली. "काठी सांभाळशीन का थैली? चाल." तिने चुंबळ केली, थैली डोक्यावर ठेवली आणि माझ्यापुढे चालू लागली. डोक्यावर माल घेऊन चालणं तिला जन्माचं. मान जरासुद्धा हलत नव्हती.

दवाखान्यात तिने थैली डोक्यावरून उतरवली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी एका हाताने घेतली. हात थैलीसकट खाली गेला आणि थैली धप्पकन स्टुलावर आदळली. स्टूल करकरलं.

"अरे! इसमें क्या भरा है?"

"माल हाय साहेब," कौसाबाई म्हणाली. "पहिल्या नंबरचा. मातीचा कन नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कौसाबाईकडे. मग थैली उचलून कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवली. तो काटा तान्ह्या मुलांचा होता. मोठ्यांचा त्या दवाखान्यात नव्हता. काटा जो गेला तो सरळ टोकाला जाऊन अडकला. डॉक्टरांनी मग एक कप्पा उसवून अर्धा माल टोपलीत काढला, दोनदा करून वजन केलं. नागपूरच्या कागदावर वाळूच्या थैलीचं वजन लिहिलेलं होतं. तो कागद त्यांच्याकडेच होता. त्याच्या दुपटीहूनही हे जास्त भरलं.

"इतना तो मैं पहलवान को न दूँ," डॉक्टर म्हणाले. आधी ते हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "जाधव, दर्द होता था?"

"होता था साहेब."

"बहुत?"

"...हौ."

"तो बोला क्यों नहीं? मैं हर हफ्ते पूछता था. हर हफ्ते तुम बोलते थे, ठीक है साहेब, मेहरबानी साहेब. मेहरबानी से घुटना ठीक होता है क्या?"

टोपलीतला माल कौसाबाईने पदरात घेतला, थैलीतला उरलेलाही ओतून घेतला आणि गाठ मारली. "कंपनीचा हाय," एवढंच म्हणाली आणि निघाली. परतताना ती माझ्यापुढे नव्हती, मागे होती.

डॉक्टर त्याच दुपारी मॅनेजरसाहेबांकडे गेले. मी बाहेर बाकावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ऑपरेशन खराब नहीं हुआ. वजन गलत था. मुझे थोड़ा टाइम दीजिए."

"डॉक्टर, तुम्हारे दवाखाने में बच्चों का काँटा है, बड़ों का नहीं?"

"मँगवाइए तो रहेगा."

मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "एक महीना और. उसके बाद मैं खुद नीचे ले जाकर देखूँगा. सीढ़ी, बैठना, छत ठोकना, सब. नहीं हुआ तो टूलरूम, और इस बार बहस नहीं."

डॉक्टरांनी गुडघ्याला कापूस लावून घट्ट पट्टा बांधला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. नुसतं पडून मांडी आवळायची. कंटाळा आला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जिथे होतो, तिथेच परत येऊन पोचलो होतो, आणि आता अंगात तेवढी उमेदही नव्हती.

त्या दिवसापासून कौसाबाईकडून भाजी आली नाही. दुसऱ्या घरांतून येत होती. मी काठी घेऊन तिच्या दारात गेलो. ती तांदूळ पाखडत होती.

"कौसाबाई, काय झालं?"

"कुठं काय?"

"भाजी नाही आली."

"माह्या हातचं खायाची हिंमत हाय अजून?" सूप आपटलं तिने. "बाया हासून राह्यल्या मले. म्हनतात, मुकादमीन, जिंदगी गेली तुही माल निवडन्यात, अन् तुले मालाचं वजन नाही समजलं? मी तुही नोकरी खात होती भाऊ."

"मला तरी कुठं समजलं? मी तर मेट."

"तुले दुखत होतं ना! मले कुठं दुखत होतं? मी रोज इचारत होती. रोज. अन् तू 'बरं हाय, बरं हाय'. खोटारडा मानूस. काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता चांगलं वाटून राह्यलं काय?"

मी उंबऱ्याशी तसाच उभा राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "उभा नको राहू, गुडघा भरीन. बस तिथं. अन् भाजी घेऊन जा. वांगं हाय, तुले आवडत नाही."

मला वांगं आवडत नाही हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने ताटात उरलेलं पाहिलं असणार.

उइकेने सायकलवरून वैनगंगेची वाळू आणली. कौसाबाईने ती चाळली, डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्यासमोर वजन करून भरून आणली. आधी अगदी थोडी. मग आठवड्याला मूठ-मूठ वाढत गेली. संध्याकाळचा तमाशा बंद झाला. आता ती एकटीच समोर बसायची आणि दर वेळी पाय खाली आला की विचारायची, "दुखलं? खरं सांग, नाही तं डॉक्टरले सांगीन."

सुरुवातीला माझ्या तोंडून निघायचंच नाही. जीभ आपसूक 'बरं आहे'कडे वळायची. मग सांगायला लागलो. थोडं दुखलं. आतल्या बाजूला दुखलं. आज नाही दुखलं. हेही शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. पाय उचलण्यापेक्षा ते अवघड गेलं.

सूज ओसरली. मांडीवर फीत थोडी थोडी सैल सोडावी लागू लागली. काठी सुटली. मग दवाखान्याच्या पायऱ्या. मग दाराची चौकट धरून अर्धं बसणं. पूर्ण उकिडवं बसणं मात्र जमून जमेना. बसायचो, पण उठताना आतून चमक यायची. रोज वाटायचं उद्या जाईल. ती गेली नाही. महिना संपला.

मॅनेजरसाहेब, डॉक्टर, उइके आणि मी पिंजऱ्यातून खाली उतरलो. डॉक्टर पहिल्यांदाच खाली आले होते. टोपी त्यांच्या कपाळावर उतरत होती. "मैं ऊपर का आदमी हूँ," ते दोनदा म्हणाले.

शिडी चढलो. सावकाश चढलो, पण भिंत धरली नाही. स्टोपमध्ये गेलो, सब्बल घेतली, छत ठोकलं. उभ्याने ठोकायचं होतं तिथे काहीच अडलं नाही. मग साहेबांनी कोपऱ्यातल्या बुटक्या भागाकडे दिवा दाखवला. तिथे उकिडवा बसलो. ठोकलं. आवाज चांगला होता. मग उठलो, आणि चमक आली. चेहऱ्यावर दिसली असेल, नसेल. दिव्याचा उजेड थेट तोंडावर होता.

"दर्द हुआ?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या वर्षांची सवय जिभेवर होती. नाही साहेब, एवढं म्हटलं की झालं. उइके माझ्यामागे उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यालाही मी 'नाही' म्हणायला हवं होतं.

"हुआ साहेब," मी म्हणालो. "चढ़ने में नहीं होता. खड़े-खड़े काम में नहीं होता. नीचे बैठकर उठने में होता है."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. उइकेने हळूच "अरे बाप" म्हटलं.

डॉक्टरांनी टोपी वर सरकवली. "साहब, दो महीने ये आदमी मुझे कहता रहा, कुछ नहीं होता. तब मैं कुछ लिख नहीं पाता था. आज बता रहा है कहाँ होता है, कब होता है. इस पर मैं लिख सकता हूँ. ऊँचे स्टोप के लिए फिट. नीचे वाले के लिए नहीं."

"आधा फिट," साहेब म्हणाले.

"पूरा फिट तो मैं भी नहीं हूँ. मेरी कमर पूछिए."

साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. वर आल्यावर ऑर्डर निघाली. जाधव, मेट, फक्त वरच्या लेव्हलचे उंच स्टोप. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बुटके स्टोप उइकेकडे. म्हणजे उइकेची सुटका झाली नाही. तो माझ्याशी आठवडाभर नीट बोलला नाही. नंतर बोलू लागला, आणि चांगला मेट झाला. ते काही माझ्यामुळे नाही.

तीन महिन्यांनंतरची तपासणी झालीच नाही. मॅनेजरसाहेबांची बदली झाली, नवीन साहेबांनी विचारलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. मी त्याच लेव्हलवर पुष्कळ वर्षं काढली. कौसाबाई त्या दरम्यान मुलाकडे लांजीला गेली. जाताना तिने विचारलं, "दुखते काय अजून?" मी म्हणालो, "थंडीत दुखतं." ती म्हणाली, "हां, आता बरोबर बोलला."

आता गुडघा रोजच दुखतो. वॉशरशिवाय इतकी वर्षं चालला, त्याला नावं ठेवायला जागा नाही. शिकलो ते एवढंच: उपकार करणाऱ्या माणसालासुद्धा दुखतंय हे सांगावं लागतं, नाहीतर त्याचे उपकार आणि आपला गुडघा दोन्ही वाया जातात. तेव्हापासून कुणी 'काय, कसं काय?' विचारलं की मी खरं ते सविस्तर सांगतो. हल्ली फारसं कुणी विचारत नाही.